नुरा कुस्ती आम्हाला लावता येणार नाही

प्रति,
कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे प्राचार्य आणि प्राध्यापक मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एका महाविद्यालयानं आमच्या नाटकाला सभागृह दिलं होतं आणि प्रयोगाला बारा दिवस उरले असताना ते काढून घेतलं. त्या कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. नंतर आणखी दोन ठिकाणी विचारून आलो. तिथं चहा मिळाला आणि शब्द थोडेफार बदलून तेच उत्तर मिळालं. भांडण एका कॉलेजशी उरलं नाही, म्हणून पत्र सगळ्यांना.

सुरुवातीची चूक माझीच. अर्जात मी ‘गुरू-शिष्य नात्यावरचं दोनपात्री नाटक, ८० मिनिटं, मध्यंतर नाही’ एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी कार्यालयातून फोन आला, ५ सप्टेंबरला करा की, शिक्षकदिनाला कार्यक्रम हवाच होता. फुकटात सभागृह आणि भरलेल्या खुर्च्या म्हटल्यावर मीही लगेच हो म्हणालो. मग सांस्कृतिक विभागातले दोन प्राध्यापक तालीम बघायला आले. पहिल्या प्रवेशात ते मनापासून हसले. दुसऱ्या प्रवेशात हातातले मोबाईल खिशात गेले. तिसरा संपला तेव्हा त्यांच्यासाठी मागवलेला चहा तसाच ठेवून ते उठले. ‘बघतो, कळवतो,’ म्हणाले आणि चार दिवसांनी पत्र आलं.

पत्र सभ्य होतं. विषय संवेदनशील आहे, शिक्षकी पेशाबद्दल गैरसमज होऊ शकतो, वगैरे. खाली सूचना होत्या. नाटकातला प्राध्यापक दोषी आहे की निर्दोष हे शेवटी स्पष्ट करावं. (मी फोन करून विचारलं, यातलं नक्की कुठलं? ‘कुठलंही चालेल, पण स्पष्ट करा.’) दोघांपैकी कुणीतरी माफी मागावी. प्रयोग फक्त प्राध्यापकांसाठी ठेवावा, विद्यार्थ्यांना बोलावू नये. आणि पहिल्या रांगेत मान्यवरांसाठी सोफे असतील, त्याप्रमाणे मांडणी करावी.

निकाल आधी ठरवून लढलेल्या कुस्तीला कोल्हापुरात नुरा कुस्ती म्हणतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. डाव दाखवायचे, घाम गाळायचा आणि ठरल्याप्रमाणे एकानं पाठ टेकवायची. मैदानातल्या जुन्या शौकिनांना ती दोन मिनिटांत कळते आणि हलगी वाजत असतानाच शिव्या सुरू होतात. तुम्ही आमच्याकडं नुरा कुस्ती मागताय, तीही अशी की कोण पडणार ते आम्हीच ठरवायचं, फक्त कुणीतरी पडलं पाहिजे.

कुस्तीचा दाखला उगाच देत नाही. शाहू महाराजांनी खासबाग मैदान १९१२ साली केलं आणि त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर उभं राहिलं, तेच आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. ‘तालीम’ हा शब्द आपल्या गावात दोन्हीकडं चालतो. तालमीला चाललो म्हटलं की आमच्या पेठेत अजून लोक माझ्या पोटाकडं बघून हसतात. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह जळालं तेव्हा आमच्यासारखे कितीतरी जण रस्त्यावर नुसते उभे होते. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्रीपासून आम्हा हौशी मंडळींची भिस्त शाळा-कॉलेजांच्या सभागृहांवर वाढली. तुमच्या एका ‘नको’चं वजन पूर्वी होतं त्याहून जास्त झालंय.

वजनाचंच बोलायचं आहे. मैदानात जोड लावताना वजन बघतात. पन्नास किलोच्या पोराला नव्वद किलोच्या पैलवानापुढं कुणी सोडत नाही. तुमच्या केबिनमध्ये मात्र ही जोड रोज लागते आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. आमचं नाटक त्या केबिनमध्ये घडतं. एक गाईड, एक पीएचडीची विद्यार्थिनी. एक टेबल, एक फिरती खुर्ची, समोर एक प्लॅस्टिकची. प्रवेश तीन, मधे काही महिने. पहिल्यात ती प्रकरण दाखवायला येते, दुसऱ्यात सहामाही अहवालावर सही घ्यायला. तिसऱ्यात तो तिला बोलावून घेतो, कारण तिनं तक्रार केलेली आहे. बोलवायला नको होतं, पण बोलावतो.

पहिल्या प्रवेशात हसू कशाला येतं ते सांगतो. मुलगी राधानगरीकडची. म्हणते, ‘सर, दुसरं प्रकरण लिहिलोय मी.’ तो वर न बघता म्हणतो, ‘लिहिलंय.’ ‘हां सर, लिहिलंय. पण प्रिंट काढलो नाही.’ ‘काढली नाही.’ इथं हशा पडतो, आणि हसण्यात बायका पुढं असतात, कारण घरी सगळ्याच तसं बोलतात. तो काही खवचट माणूस नाही. मायेनं सांगतो, ‘बाळ, पीएचडी करतेयस, भाषा सांभाळ.’ असं तो सात वेळा सुधारतो. चौथ्या वेळेपर्यंत लोक हसतात. सातव्या वेळेला कुणी हसत नाही, आणि आपण मघाशी का हसलो म्हणून काही जण अवघडून बसतात. तिसऱ्या प्रवेशात तिची तक्रार त्याच्या हातात आहे, ती तो मोठ्यानं वाचतो. भाषा बिनचूक, एक अनुस्वार इकडचा तिकडं नाही. वाचून झाल्यावर म्हणतो, ‘हे तू लिहिलेलं नाहीस.’ ती म्हणते, ‘तुम्हीच शिकवलंत, सर.’

या नाटकात आरडाओरडा नाही. सगळी झटापट ‘तू’ आणि ‘तुम्ही’ मध्ये आहे. तो तिला ‘अगं’, ‘बाळ’, ‘तू’ म्हणतो, ती त्याला ‘सर’ आणि ‘तुम्ही’. तिसऱ्या प्रवेशात बोलता बोलता त्याच्या तोंडून ‘तुम्ही’ निघून जातं. एकदाच, आणि त्याच्याही लक्षात येतं. त्या जागी शेवटच्या रांगेतलं खोकणंसुद्धा थांबतं. इंग्रजीला बिचारीला एकच ‘यू’ आहे, त्यांना यासाठी केवढी धडपड करावी लागत असेल. आपल्याला एका सर्वनामात जमतं.

आता तो हात. तुमच्या दोघा प्राध्यापकांचा चहा ज्यामुळं राहिला तो हाच असणार, असा माझा अंदाज. दुसऱ्या प्रवेशात तिला रडू फुटतं. तो टेबलाला वळसा घालून येतो आणि तिच्या खांद्यावर हात ठेवतो. हात किती वेळ ठेवायचा यावर आमच्या तीन आठवडे तालमी झाल्या, अगदी मोबाईलवर सेकंद मोजून. एक सेकंद ठेवला तर सांत्वन वाटतं. पाच ठेवला तर कुणाला शंकाच उरत नाही, आणि तुम्हाला हवं तसं स्पष्ट नाटक तयार होतं. आम्ही अडीचच्या आसपास थांबलो.

शिवाय प्रेक्षक आम्ही दोन बाजूंना समोरासमोर बसवतो, नाटक मधे. तिच्या पाठीकडच्या लोकांना हात दिसतो, चेहरा दिसत नाही. समोरच्यांना तिचा चेहरा दिसतो, पण हात त्याच्या पाठीआड जातो. पैलवानाची पाठ टेकली की नाही यावरून खासबागेत चारी बाजूंनी चालणारी भांडणं मी लहानपणापासून ऐकत आलोय, हे तिथूनच सुचलं. म्हणून आम्ही तुमचं स्टेज नको म्हणालो आणि हॉलच्या मधली जमीन मागितली. पहिल्या रांगा दोन आहेत. सोफे कुठल्या बाजूला ठेवायचे यासाठी तुम्हाला वेगळी मीटिंग लावावी लागेल.

मार्चमध्ये एका ओळखीच्या मंगल कार्यालयात चाळीसेक लोकांसमोर आम्ही हे करून बघितलं. नाटक साडेनऊला संपलं, पावणेअकराला आम्ही सतरंज्या गुंडाळून बाहेर आलो तर एक जोडपं अजून गाडीपाशी उभं. दोघं वेगवेगळ्या बाजूला बसले होते. ‘तू बघितलंच नाहीस,’ तो म्हणत होता. ‘तुम्हाला दिसलंच नाही,’ ती म्हणत होती. एक निवृत्त शिक्षक थांबले होते. म्हणाले, तीस वर्षांत किती पोरांच्या खांद्यावर हात ठेवला असेल, एकालाही विचारलं नाही चालेल का म्हणून. मी काहीच बोललो नाही. जिना उतरता उतरता वळून म्हणाले, ‘आणि विचारत बसलो असतो तर शिकवलं कधी असतं?’ ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाची. मला आजही यातलं कुठलं खोडावं ते कळत नाही, आणि तुम्ही मला स्पष्ट शेवट मागताय.

खरं म्हणजे तक्रारीचं पहिलं पान हाताबद्दल नाहीच. ते सहीबद्दल आहे. वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो आणि एक राखून ठेवतो म्हणतात. गाईडनं राखून ठेवलेला डाव म्हणजे सही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे पीएचडीचे नियम तुम्हाला पाठ असतील. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढं उभं राहायचं, एका प्राध्यापकाकडं एका वेळी आठपर्यंत विद्यार्थी. आमचा गाईड सही नाकारत नाही. पेनाचं टोपण काढतो, फोन वाजतो, टोपण लावतो. फोन संपतो, पुन्हा टोपण काढतो, मग त्याला काहीतरी आठवतं. असं तीनदा. ती उभी आहे, कारण प्लॅस्टिकच्या खुर्चीवर त्याच्या फायली आहेत आणि त्या उचलून ठेव असं तो म्हणालेला नाही. या सहा-सात मिनिटांत कुणी कुणाला वाईट शब्द बोलत नाही. माझ्या मते नाटकातली सगळ्यात क्रूर जागा ही आहे. तुमच्या पत्रात मात्र तिचा उल्लेख नव्हता. ती तुम्हाला खटकलीच नाही बहुतेक.

तिसऱ्या प्रवेशात वजन फिरतं. आता तिच्या बाजूला तक्रार समिती आहे आणि चौकशीची नव्वद दिवसांची मुदत आहे. त्याच्या बाजूला थांबलेली बढती, घराचे हप्ते आणि स्टाफरूममधली बंद झालेली कुजबुज. फिरती खुर्ची पूर्ण प्रवेशभर रिकामी राहते. या भागासाठी मी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आणि त्यावरचे आयोगाचे २०१५ चे विनियम वाचून काढले. विद्यार्थ्याचं प्रकरण असेल तर समितीत तीन निवडून आलेले विद्यार्थी हवेत. कुलगुरू, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा वरिष्ठ पदावरच्यांनी समितीत बसायचं नाही. चौकशी चालू असताना ज्याच्यावर तक्रार आहे त्याला तिच्या कामाचं मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवता येतं. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला हे नाटकापायी कळलं. आमच्या नाटकात विद्यार्थिनीचं काम करणारी मुलगी तुमच्याच एका कॉलेजात एमए करते. तिला विचारलं, तुमच्या समितीत विद्यार्थी कोण गं? तिनं दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं. साठ जणांत कुणाला माहीत नव्हतं.

एक आक्षेप मला टाळता येत नाही, कारण तो घेणाऱ्या बाईंबद्दल मला आदर आहे. त्या स्वतः अशा समितीवर काम केलेल्या प्राध्यापक आहेत. त्यांचं म्हणणं असं, की मुली आधीच तक्रार करायला घाबरतात, त्यात तुम्ही असं नाटक आणलं की ‘बघा, पोरी प्राध्यापकाला कशा अडकवतात’ म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळेल. धोका खरा आहे. डेव्हिड मॅमेट यांच्या ‘ओलिआना’ या १९९२ च्या अमेरिकी नाटकात हीच जोड आहे, प्राध्यापक आणि विद्यार्थिनी. शेवटी तो तिला मारहाण करतो, आणि त्या क्षणी प्रेक्षकांतून टाळ्या पडल्याचं तिथल्या लोकांनी लिहून ठेवलंय. पुढच्या वर्षी लंडनला हॅरॉल्ड पिंटर यांनी ते बसवलं तेव्हा त्यांनी लेखकाचा आधीचा, वेगळा शेवट घेतला. टाळ्यांचं वाचल्यावर आमच्या नाटकात हात उगारायची जागा ठेवायचीच नाही असं मी ठरवलं. ज्याला टाळी वाजवायची आहे त्याला ती वाजवायला निमित्तच मिळता कामा नये. बाईंना एवढं उत्तर पुरेसं वाटलं नाही. प्रयोगाला येईन आणि नंतर उभी राहून बोलेन म्हणाल्या. मला तेच हवंय. पण त्या बोलतील तेव्हा ऐकायला समोर विद्यार्थीही पाहिजेत. फक्त प्राध्यापकांसाठी प्रयोग म्हणजे एका बाजूच्या खुर्च्या काढून टाकणं.

गुरू-शिष्य परंपरेचा अपमान होतो, हे फोनवर दोनदा ऐकून घेतलं. कच शुक्राचार्यांकडं शिकायला गेला होता की संजीवनी पळवायला, हा प्रश्न आपल्याकडं महाभारतापासून आहे. गुरूनं नकळत मद्यातून शिष्याला पोटात घातलं, पोटातल्या पोटात विद्या दिली आणि शिष्य गुरूचं पोट फाडून बाहेर आला. त्यापुढं आमची अडीच सेकंदं म्हणजे काहीच नाही. परंपरा आपल्यापेक्षा धीट होती.

आता माझं. हे लिहायचं नव्हतं, पण तुमची झडती घेताना स्वतःचा खिसा झाकून ठेवणं बरं दिसत नाही. तालमीत सगळे मला ‘सर’ म्हणतात. बावीस वर्षं म्हणतायत, मी कधी नको म्हटलं नाही. एका रात्री हाताची जागा नीट येत नव्हती. मी त्या मुलीला पुन्हा कर म्हणालो, परत एकदा, परत एकदा. दहा-बारा वेळा झालं असेल. प्राध्यापकाचं काम करणारा नट अवघडला होता, तो म्हणाला उद्या बघू. मी म्हटलं, नाही, आज आलं पाहिजे. तेव्हा ती खुर्चीतून उठली आणि म्हणाली, ‘सर, मला थांबायचं आहे. हे मी म्हणतोय, पात्र नाही.’ ती ‘म्हणतोय’ म्हणाली, घरच्यासारखं. आणि माझ्या तोंडावर ‘म्हणतेय’ आलं होतं. खरं सांगतो, दुरुस्त करायला जीभ उचलली होती.

त्या रात्री तालीम तिथंच थांबवली. दुसऱ्या दिवसापासून हाताची जागा कशी आणि किती वेळा करायची ते ती ठरवते. तालमीत तिसरं माणूस असल्याशिवाय तो प्रवेश होत नाही. दार उघडं असतं, त्यामुळं गल्लीतली पोरं डोकावतात. ‘सर’ म्हणणं काही सुटलं नाही, एक-दोन दिवस त्यांनी ‘दादा’ म्हणून बघितलं, मग सगळ्यांना हसू आलं. पण त्यानंतर सेकंद मोजावी लागली नाहीत. अडीच सेकंदं तिनंच आणली.

संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे, झेरॉक्स पाठवतो. त्यावर आणखी एक मंडळ तुमच्या कॉलेजात भरवू नका, एवढंच मागणं. शेवट बदलणार नाही. मुलं-मुली एकत्र बसतील, आणि प्राध्यापकांनी त्यांच्यातच बसायचं, मिळेल त्या बाजूला. शिक्षकदिन गेला तरी चालेल, परीक्षा सोडून कुठलाही शनिवार द्या. सभागृह देता येत नसेल तर मोठा वर्ग द्या, बाक आम्ही सरकवू आणि जाताना लावून देऊ. दिवे आमचे, सतरंज्या आमच्या, प्लॅस्टिकची खुर्चीही आमची. फिरती खुर्ची तेवढी तुमच्या केबिनमधली लागेल. आमची गेल्या महिन्यात तालमीत मोडली, आणि भाड्यानं मिळतात त्या नव्या असतात, त्यांच्यावर कुणी बसल्यासारखं वाटत नाही.

आपला,
एक हौशी दिग्दर्शक
शिवाजी पेठ, कोल्हापूर